कपाटभर गोठे आणि एक बाळ येशू

जालन्याच्या ताई, नमस्कार. नाताळात येशूजन्माचा देखावा म्हणून मांडतात त्या गोठ्यांच्या माझ्या संग्रहावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं, की एक गोठा मांडणं ही श्रद्धा, कपाटभर जमवणं ही निव्वळ हौस. त्यात मूर्तिपूजेचा वास येतो. आणि बैल-गाढव तर शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, नाहीतच.

शेवटचं आधी घेतो. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, जनावरं नाहीत, हे खरं. ती आली जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, पहिल्याच अध्यायातून. बैलाला धनी कळतो, गाढवाला गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही, असं देवाचं गाऱ्हाणं आहे तिथं. म्हणजे ती जोडी आपल्याला मारलेला टोमणा आहे! 1223 साली संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाण, गवत आणि जिवंत बैल-गाढव एवढंच आणवलं. मूर्ती एकही नव्हती. गव्हाणीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली. मूर्ती नंतर आल्या. प्रतिमेला दिलेला मान ज्याची प्रतिमा त्याला पोचतो, हे नायसीयाला भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेनं 787 मध्येच सांगितलंय, त्यात मी काय भर घालणार?

आता हौस. आहेच की. महालक्ष्म्यांपुढं रात्र जागून आरास करणाऱ्या आपल्याकडच्या बायांना कोणी म्हणतं का, हौस आली म्हणजे भक्ती गेली?

पण कपाट नुसतं बघायला नाही. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांत, सगळे गोठे मांडतो, गव्हाणी रिकाम्या. बाळं एका पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक वेगळ्या चिंधीत. काही तर शेंगदाण्याएवढी. 24 तारखेच्या रात्री मिस्सेहून आलो की घरातले सगळे मिळून ज्याचं बाळ त्याच्या गव्हाणीत ठेवतो, आणि गोठा जिथला, तिथल्या लोकांसाठी एक ‘नमो मारिया’, ही मारियामातेची प्रार्थना, म्हणतो. बेथलेहेमच्या जैतुनी लाकडाच्या गोठ्यापाशी आजकाल जरा जास्त वेळ जातो. एकच गोठा असता तर आमची प्रार्थना बहुतेक आमच्या गल्लीतच फिरली असती.

फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या मातीच्या मूर्ती बघा. क्रांतीच्या काळात चर्चना कुलपं लागली, तेव्हा लोकांनी घरातल्या घरात छोटे गोठे मांडले. त्यात मेंढपाळांच्या शेजारी गावातला पाववाला, कोळीण, चाकूला धार लावणारा, सगळे बाळाकडं निघालेले. त्यांनाही हौसच म्हणायचं का?

खर्चाचं म्हणाल, तर आमच्या मराठवाडी गोठ्याचं छप्पर कडब्याचं, आणि बैल पोळा उरकल्यावर कुंभाराकडं राहिलेला, एका शिंगाचा टवका उडालेला. त्यातल्या योसेफाला, मारियेच्या नवऱ्याला, धोतर-पटका कशाला, हेही तुम्ही विचारलंत. पोलंडात क्राकूवचे लोक रंगीत चांदीचा कागद आणि पुठ्ठा घेऊन आपल्याच शहरातल्या चर्चच्या मनोऱ्यांखाली बाळ ठेवतात. 2018 साली युनेस्कोनं ती परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथं कोणी विचारत नाही, बेथलेहेमात हे मनोरे कुठून आले. आमच्याच योसेफाचा पटका तेवढा खुपतो.

6 जानेवारीपर्यंत सगळं मांडलेलं असतं. या एकदा, भांडायला का होईना.