झटका मशीन जळाल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्याकडून हरभऱ्याच्या शेतासाठी सोलर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, घेतलं. मशीनची बॅटरी उतरली म्हणून रात्री टॉर्चच्या उजेडात फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी लावली. दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असल्याने प्लस-मायनस उलटं झालं. मिनिटभराने वास आला, फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि मशीन बंद पडलं. आमच्या काउंटरवर तुम्हाला "उलटी बॅटरी वॉरंटीत बसत नाही" असं सांगून बोर्ड बदलायचे ८५० रुपये घेतले. चार रात्री कुंपण बंद राहिलं आणि रानडुकरांनी हरभरा खाल्ला. "शेतात वापरायच्या मशीनला एवढीही चूक चालत नसेल तर ते बनवताच कशाला," असं तुम्ही विचारलं आहे.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. ८५० रुपये परत करतो. वॉरंटीचा तो नियमही कार्डावरून काढून टाकला आहे.

मात्र पैसे परत केल्याने मशीन का जळलं ते कळत नाही, म्हणून तुमचा काढून ठेवलेला जुना बोर्ड मी स्वतः भिंगाखाली पाहिला. उलट्या जोडणीसाठी त्यात संरक्षण होतं. इनपुटला फ्यूज आणि त्याच्यापुढे प्लस-मायनसमध्ये आडवा लावलेला ३ अँपियरचा डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. बॅटरी सरळ असेल तर हा डायोड गप्प बसतो. उलटी लागली की तो करंटला स्वतःतून वाट देतो, जवळजवळ शॉर्ट होतो, फ्यूज उडतो आणि बाकीचा बोर्ड वाचतो. पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. आमच्या टेबलावर ती प्रत्येक वेळी चालली.

टेबलावर मात्र जाड, हातभर वायर असते आणि ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी. तुमच्याकडे पंपाची छोटी, अर्धी उतरलेली बॅटरी होती आणि बांधापासून मशीनपर्यंत आठ मीटर पातळ दुपदरी वायर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०३५ ओहम रेझिस्टन्स असतो. जाऊन-येऊन सोळा मीटर धरा, म्हणजे अर्ध्या ओहमपेक्षा जास्त. बॅटरीचा आणि चिमट्यांचा थोडा धरला तर करंट १५-१६ अँपियरच्या पुढे जात नाही. आमचा फ्यूज १० चा होता. दीडपट करंटवर असा फ्यूज लगेच उडत नाही, बराच वेळ तग धरतो. तेवढ्या वेळात ३ अँपियरच्या डायोडमधून पाचपट करंट गेला. तो इतका तापला की त्याच्या पायाचं सोल्डर वितळलं आणि पाय सुटला. तुमच्या बोर्डावर ती सुटलेली टाच स्पष्ट दिसते. त्या क्षणी संरक्षण संपलं आणि उलटे बारा व्होल्ट सरळ आत शिरले. बोर्डावरच्या कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या डबीच्या) आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. उलट्या व्होल्टेजने तो थर मोडतो, आत गॅस धरतो आणि टोपी फुटते. तुम्ही ऐकलेला आवाज तोच. त्यानंतर आयसी (बोर्डावरची चिप) गेला.

फ्यूज आधी ५ चा होता. बॅटरी जोडताना क्षणभर जो जोराचा करंट येतो त्यात तो अधूनमधून उडायचा आणि लोक दुकानात परत यायचे. म्हणून मी तो १० चा केला. बदलल्यावर पातळ वायर आणि कमजोर बॅटरी लावून पुन्हा तपासायला हवं होतं. ते मी केलं नाही, ही चूक माझी आहे. ५ चा राहिला असता तर तुमच्याकडेही सेकंद-दोन सेकंदांत उडाला असता.

काहींनी तुमच्या अभिप्रायाखाली विचारलं आहे की प्लसच्या वाटेतच एक डायोड का नाही घालत. घालता येतो, आणि उलट्या बॅटरीला तो हमखास अडवतो. पण बॅटरी सरळ असतानाही तो रात्रभर ०.७ व्होल्ट खातो. पहाटे बॅटरी ११.५ वर आलेली असते, तेव्हा मशीनला १०.८ च मिळतात आणि बॅटरीत जीव असूनही मशीन बंद होतं. रानडुकरं पहाटेही येतात, म्हणून तो पर्याय मला कधी पटला नाही.

आता प्लसच्या वाटेत डायोडऐवजी पी-चॅनेल मॉसफेट (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवला आहे. बॅटरी सरळ असली तर तो पूर्ण उघडतो आणि दोन अँपियरलाही पाव व्होल्टच्या आसपासच खातो. उलटी असली तर उघडतच नाही. करंटच वाहत नसल्याने तापायचा प्रश्न नाही, फ्यूजची वाट पाहायची गरज नाही, वायर जाड असो की पातळ. त्याच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर, जास्त व्होल्टेज येऊ नये म्हणून १२ व्होल्टचा झेनर डायोड आहे. (घरी स्वतः बनवणाऱ्या मुलांसाठी सांगतो: मॉसफेटचा ड्रेन हा पाय बॅटरीकडे आणि सोर्स हा पाय मशीनकडे ठेवा. नेहमीच्या सवयीने उलटं बसवलं तर मॉसफेटच्या आतला डायोडच उलट्या करंटला वाट देतो आणि संरक्षण काहीच उरत नाही.) सोबत एक लाल दिवा दिला आहे. तो फक्त बॅटरी उलटी लागली तरच पेटतो, म्हणजे अंधारातही कळेल. फ्यूज ठेवलाच आहे, कारण आत दुसरीकडे शॉर्ट झाला तर वायर पेटू नये.

एक गोष्ट या नव्या बोर्डालाही झेपणार नाही. सोलर पॅनेल बॅटरीशिवाय थेट मशीनला जोडू नका. १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनेल मोकळं असताना उन्हात २१ व्होल्टपर्यंत जातं.

आता तुमच्या दोन वाक्यांबद्दल. बदलून दिलेल्या बोर्डावरचा डायोड गावातल्या मेकॅनिकने काढून "डायरेक्ट" करून दिलं आणि मशीन चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. चालू आहे हे खरं, पण आता त्याला कसलंच संरक्षण नाही. कृपया तसं वापरू नका.

दुसरं वाक्य वाचून मी दुकानातून उठून बाहेर जाऊन बसलो. मशीन बंद होतं तेव्हा तारेत घरची लाईट सोडायचा विचार आला होता, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, हात जोडतो, तसं कधीही करू नका. झटका मशीनचा झटका सेकंदा-सव्वा सेकंदाला एकदा येतो आणि क्षणाच्या बारीक तुकड्यापुरता टिकतो. मधल्या वेळात माणूस हात सोडवू शकतो. घरच्या २३० व्होल्टला मधला वेळच नसतो. हात आवळला जातो आणि सुटत नाही. पाणी द्यायला रात्री निघालेला तुमचाच मुलगा किंवा शेजारी त्या तारेला लागेल. तो गुन्हा तर आहेच. काउंटरवर आम्ही तुम्हाला त्या विचारापर्यंत ढकललं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. यापुढे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनच्या बदल्यात त्याच दिवशी दुसरं मशीन वापरायला मिळेल, पैसे न घेता.

आमच्याकडून १० अँपियरच्या फ्यूजचं मशीन घेतलेल्या सगळ्यांनी ते घेऊन यावं. बोर्ड फुकट बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. फ्यूजच्या टोपीवर आकडा कोरलेला असतो, तो बघा.

तुम्ही रविवार सोडून कधीही या, मी अमरावतीत दुकानातच असतो. येताना ती आठ मीटरची वायर आणि पंपाची बॅटरी सोबत आणा. तुमच्या हातानेच नवा बोर्ड उलटा जोडा, पाच मिनिटं तसाच ठेवा, मग सरळ करून बघा. चालला तरच घेऊन जा.