"गोळ्या बंद करा, मूल बरं झालंय": लिव्हर ट्रान्सप्लांटवरच्या त्या मेसेजला एका आईचं उत्तर

तो लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय. सुरुवातीला जोडलेले हात, शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: लहान मुलाचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं की तीन महिन्यांत ते पूर्ण बरं होतं, आयुष्यभर गोळ्या हा औषध कंपन्यांचा धंदा आहे, आईचं लिव्हर असेल तर शरीर ते नाकारतच नाही, गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मरते म्हणून गुळवेलीचा काढा द्या, लिव्हर देणारी बाई कायमची अधू होते आणि एवढं सगळं करून अशी मुलं काही फार जगत नाहीत. शेवटी फुकटची टीप पण आहे, की नवजात बाळाची कावीळ उन्हात ठेवलं की जाते, घाबरू नका.

पूर्ण बरं पण होतं आणि जगत पण नाही, हे एकाच मेसेजमध्ये कसं बसलं ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

माझ्या मुलीला बिलिअरी अट्रेझिया होता, म्हणजे लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद, आणि आता तिच्या पोटात माझ्या लिव्हरचा तुकडा आहे. सिनिअर केजीत जाते. हा मेसेज आम्हाला चुलत सासूबाईंनी पाठवला, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण खाली लिहिलं होतं "बघा, अजून किती वर्षं पोरीला गोळ्या चारणार". त्यांना फोनवर सांगून झालं, आता इथे सगळ्यांसाठी लिहिते.

आधी ते तीन महिन्यांचं. ते कुठून आलं असेल ते मला कळतं, कारण पहिले तीन महिने खरंच वेगळे असतात. रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारण्याची, भीती तेव्हाच जास्त, इन्फेक्शनची पण तेव्हाच, डोस मोठे, रक्त सारखं काढायचं, हॉस्पिटलजवळ खोली भाड्याने घेऊन राहायचं, भेटायला कोणी यायचं नाही, आलंच तर मास्क लावून दारातून. मग हळूहळू डोस कमी होतात, स्टेरॉइड बऱ्याच मुलांचं बंदसुद्धा होतं, तपासण्या महिन्यावर आणि पुढे दोन-तीन महिन्यांवर जातात, पोरगी गुटगुटीत दिसायला लागते आणि बघणाऱ्याला वाटतं संपलं. संपलेलं नसतं, सैल झालेलं असतं. टॅक्रोलिमस, म्हणजे रिजेक्शन रोखणारं मुख्य औषध, चालूच असतं, सकाळी आणि रात्री, बारा-बारा तासांनी, लग्नात असा नाहीतर एसटीत असा. रक्तातली लेव्हल बघायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त काढल्यावरच द्यायचा, म्हणून आमच्या घरी त्या दिवशी कॅप्सूल पर्समधून लॅबमध्ये जाते. सुरुवातीला ती लेव्हल साधारण ८ ते १२ मध्ये ठेवतात, पुढे ५ च्या आसपास. कमी झाली तर रिजेक्शन, जास्त झाली तर किडनीला त्रास, बीपी, हात थरथरणं. म्हणजे मधल्या त्या अरुंद पट्ट्यात पोरीला ठेवायचं, हेच आमचं काम.

आणि लोकांना पटत नाही ते हे, की रिजेक्शन दिसत नाही. ताप नाही, पोट दुखत नाही, मूल सोफ्यावरून उड्या मारत असतं आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) चढलेलं असतं. डोळे पिवळे दिसेपर्यंत थांबलात तर बराच उशीर झालेला असू शकतो. त्यामुळे "आम्ही गोळी बंद केली, महिनाभर काही झालं नाही" याला काही अर्थ नाही. काही दिसलं नाही एवढंच.

कंपन्यांचा धंदा म्हणाल तर कंपन्या कमावतातच, दर महिन्याचं बिल मीच भरते, मला नका सांगू. पण हे औषध नव्हतं तेव्हा काय होत होतं तेही बघा ना. १९६३ साली अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं, ते माझ्या मुलीचाच आजार असलेल्या तीन वर्षांच्या मुलावर, आणि ते मूल टेबलवरच गेलं. १९६७ मध्ये पहिल्यांदा यश आलं, पण पुढची कितीतरी वर्षं वर्षभर जगणारे पेशंट कमीच होते. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं औषध आलं तेव्हा चित्र बदललं, आणि टॅक्रोलिमस तर १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जंतूपासून मिळालं. आता ते आपल्या भारतातल्याच बऱ्याच कंपन्या बनवतात. धंदा आहे म्हणून औषध खोटं, हे गणित मला तरी जमत नाही.

बरं, या मुद्द्यात एक खरा कण आहे आणि तो लपवला तर मी पण त्या मेसेजसारखीच. काही मुलांच्या गोळ्या खरंच पूर्ण बंद झाल्यात. अमेरिकेत आईवडिलांचं लिव्हर मिळालेल्या २० मुलांवर एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, त्यातल्या १२ जणांना औषधाशिवाय राहता आलं. नंतर ८८ मुलांचा मोठा अभ्यास झाला, त्यात ३३. म्हणजे मोठ्या अभ्यासात तीनातल्या जवळजवळ दोघांना जमलं नाही, आणि ही सगळी वर्षानुवर्षं स्थिर असलेली, रिपोर्ट उत्तम असलेली, बायोप्सी करून निवडलेली मुलं होती. डोस कित्येक महिने थोडा थोडा उतरवला, सतत रक्त तपासलं, बिघडलं की लगेच औषध परत चालू. व्हॉट्सअॅप वाचून सोमवारपासून डबी कपाटात ठेवणं आणि हे, दोन्ही एकच आहे का?

आईचं लिव्हर असलं की शरीर नाकारत नाही, हे ऐकायला इतकं गोड आहे की मलाही खरं वाटावंसं वाटतं. पण मूल अर्धं बापाचं असतं हो. माझ्या तुकड्यात जे माझ्या आईवडिलांकडून आलं आणि मुलीला मिळालंच नाही, ते तिच्या टी-पेशींना, म्हणजे परकं ओळखून त्यावर धावून जाणाऱ्या पेशींना, परकंच आहे. औषधाशिवाय चालण्याची खात्री धरता येते ती एकसारख्या जुळ्यांमध्ये, १९५४ मध्ये बॉस्टनला किडनीचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं ते तशाच दोन भावांमध्ये. माया वेगळी, टी-पेशी वेगळ्या.

आता गुळवेल. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात प्रेमाने होतं. आमच्याकडे ट्रान्सप्लांटनंतर जो येईल तो काहीतरी घेऊन यायचा, कोणी काढा, कोणी कुठल्याशा वैद्यांची पावडर, कोणी इम्युनिटी वाढवणारं सिरप. अहो पण इम्युनिटी वाढवायचीच नाहीये! तीच तर या लिव्हरला परकं समजून त्यावर धावून जाते. टॅक्रोलिमसचं कामच मुळी टी-पेशींना चेतवणारा सिग्नल दाबून ठेवणं हे आहे, आणि आपण एका हाताने ते द्यायचं आणि दुसऱ्या हाताने 'शक्तिवर्धक' काहीतरी पाजायचं. गुळवेलीबद्दल तर वेगळीच भीती आहे. कोविडच्या काळात घरोघरी काढे सुरू होते तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद २०२१ मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये छापली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला, तो वाद मोठ्या माणसांनी घालत बसावा, माझ्या पोरीला एकच लिव्हर आहे आणि तेही उसनं.

आणि नुसता काढाच नाही. टॅक्रोलिमसची लेव्हल कशाने हलेल याचा नेम नसतो. ग्रेपफ्रूट चालत नाही, आणि त्याच्याच कुळातलं पपनस पण नाही, जे गणपतीत फळांच्या टोपलीत हमखास असतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल यांनी लेव्हल चढते, टीबीच्या रिफाम्पिसिनने धाडकन पडते. आयब्युप्रोफेन किडनीसाठी नको. जुलाब लागले तर आपल्याला वाटतं औषध वाहून जाईल, लेव्हल कमी होईल, तर होतं उलटंच, लेव्हल वाढते. म्हणून आमच्याकडे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ काहीही लिहून देण्याआधी ट्रान्सप्लांट टीमला फोन करतात, आणि त्याचा त्यांना कमीपणा वाटत नाही, हे आमचं नशीब. असं असताना ज्याच्यात काय आहे ते डबीवर पण धड लिहिलेलं नाही अशी पावडर मी कोणाच्या भरवशावर देऊ?

लिव्हर देणारी बाई कायमची अधू होते. (बाईच का? मेसेजवाल्याने बाप गृहीतच धरला नाही. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त असतात हे खरंच आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) तर मी ती बाई. इतक्या लहान बाळाला लिव्हरचा डावीकडचा छोटा भाग पुरतो, देणाऱ्याच्या लिव्हरचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. कापलेला भाग तसाच्या तसा परत उगवत नाही, उरलेलं लिव्हर काही महिन्यांत वाढून भरपाई करतं. मी आज स्वयंपाक करते, नोकरी करते, जिने चढते, मला रोजची गोळी कुठलीच नाही. पोटावर व्रण आहे, पाऊस आला की कधीकधी ओढल्यासारखं होतं. मुलं होत नाहीत हेही खोटं, साधारण वर्षभर थांबायला सांगतात एवढंच.

मात्र धोका शून्य आहे असं सांगणाऱ्यावर पण विश्वास ठेवू नका. मोठं ऑपरेशन आहे, या छोट्या भागासाठी दात्याच्या जिवाचा धोका साधारण हजारात एक असा सांगतात आणि तो आम्हाला नवरा-बायकोला एकत्र आणि मला एकटीला बसवून सांगितला गेला, कोणी जबरदस्ती करतंय का हेही विचारलं. अवयव देण्याघेण्याचा कायदा १९९४ चा आहे, जवळच्या नात्यात कोण कोण येतं ते त्यात ठरवून दिलंय, २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा पण आले. अवघड काय होतं विचाराल तर वेदना नाही, तर आठवडे न आठवडे वजन उचलायचं नाही हे. पोरगी हात पसरून रडतेय आणि आईने कडेवर घ्यायचं नाही. ते दिवस माझ्या नणंदेने काढले.

राहिलं अशी मुलं जगत नाहीत, जगलीच तर काचेच्या पेटीत. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट १९९८ मध्ये दिल्लीत झालं, वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या लिव्हरचा भाग दिला, आजार हाच. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. आज चांगल्या सेंटरमध्ये शंभरातली नव्वदहून जास्त मुलं पहिलं वर्ष पार करतात. सगळी नाही. आमच्या वॉर्डमधली सगळी घरी गेली नाहीत, आणि ते मी कुठल्याही आकड्याखाली झाकणार नाही.

पण जी घरी येतात ती पेटीत राहत नाहीत. मुलगी शाळेत जाते, भांडते, गुडघे फोडून घेते. नियम आहेत, ते आता आमच्या अंगवळणी पडलेत. उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी नाही. पूजेला गेलो तर पंचामृत हातावर घेऊन डोक्याला लावायचं, तोंडात नाही, कारण दूध कच्चं असतं (पहिल्या वर्षी यावरून केवढं महाभारत झालं होतं). १००.४ च्या वर ताप गेला की वाट बघायची नाही, फोन करायचा, रात्री दोन वाजता सुद्धा. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवा असं बाईंना सांगून ठेवलंय, कारण कांजिण्या, गोवर यांच्या लसींत जिवंत विषाणू असतो आणि ट्रान्सप्लांटनंतर सहसा त्या देत नाहीत. म्हणून बाकीच्या घराने लसी घ्यायच्या, फ्लूची दरवर्षी. पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात येतात तेव्हा आमच्याकडे थेंब नाही, तेही जिवंत लसीचे असतात, आम्ही इंजेक्शनची घेतलीय असं सांगून डॉक्टरांचं पत्र दाखवते. पहिल्यांदा त्या जरा चिडल्या, आता बोटाला शाई न लावताच गप्पा मारून जातात.

आणि ती शेवटची टीप, उन्हात ठेवा, कावीळ जाते. बऱ्याच बाळांची साधी कावीळ जातेच, म्हणून तर हे वाक्य एवढं चालतं. पण बाळ दोन आठवड्यांचं झालं आणि डोळे अजून पिवळे असतील तर उन्हात ठेवत बसू नका, रक्त तपासा, आणि बिलिरुबिन (कावीळ करणारा पिवळा घटक) नुसतं टोटल नाही, डायरेक्ट पण बघायला सांगा, पित्त अडलं की ते वाढतं. दुपटं बघा. शी पांढरट, मातीच्या रंगाची किंवा फिकट पिवळट आणि लघवी गडद असेल तर पित्त आतड्यात उतरत नाहीये. या आजारावर आधी कसाई नावाचं ऑपरेशन असतं, जपानच्या मोरिओ कसाई यांच्या नावाचं, त्यात लिव्हरला आतडं जोडून पित्ताला वाट करून देतात, आणि ते बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालं तर यशाची शक्यता बरीच जास्त असते. पुढे काहींना तरीही ट्रान्सप्लांट लागतं, काहींचं टळतं, काहींचं कित्येक वर्षं पुढे ढकललं जातं. आमच्या वेळी "अंगावरची कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा" असं सगळेच म्हणत होते, शेजारपाजार, नातेवाईक, एक डॉक्टरसुद्धा, आणि त्यात ते ६० दिवस उलटून गेले. तेव्हा चुलत सासूबाई, बाकीचा मेसेज राहू दे, पण तुमच्या भाचीला नुकतंच बाळ झालंय ना, तिला दुपट्याचा फोटो काढून आज डॉक्टरांना दाखवायला सांगा.