मी-२६२ मागेल त्याला द्या म्हणणाऱ्यांना उत्तर

लातूर, नांदेड, परभणीकडच्या फ्लाइट सिमवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवणाऱ्यांच्या, ग्रुपांवर महिनाभरापासून एक मेसेज फिरतोय: सर्व्हरवर विमानांचा कोटा, म्हणजे कोणतं विमान किती मिळणार याची मर्यादा, बंद करा. कारणं चार दिलीत. मी-२६२, म्हणजे जर्मनांचं मेसरश्मिट जेट, दुसऱ्या महायुद्धात होतं, म्हणजे मागेल त्याला मिळालं पाहिजे. जिंकतो तो पायलट, विमान नव्हे. कोटा म्हणजे चांगल्या खेळाडूला शिक्षा. आणि बॅलन्सच हवा तर दोन्ही बाजूंना तीच विमानं द्या. आमच्या शनिवारच्या सर्व्हरची मिशनं मी बनवतो. कुठल्या धावपट्टीवर कोणतं विमान किती, हे आकडे मीच भरतो. म्हणून बोलणं भाग आहे.

मी-२६२ युद्धात होतं, हे खरं. पण किती? साधारण १,४०० मी-२६२ बनली आणि बरीचशी लढाईपर्यंत पोचलीच नाहीत. इंधन नव्हतं, तयार पायलट नव्हते, त्याचं जुमो जेट इंजिन दहा ते पंचवीस तासांत उतरवावं लागे. १८ मार्च १९४५ ला बर्लिनवर १,२००हून जास्त बॉम्बर आणि ६००हून जास्त फायटर आले, तेव्हा समोर ३७ मी-२६२ उडाली. कोटा नसला की आपल्याकडे बारापैकी नऊ जण तेच घेऊन उडतात. त्याला इतिहास कसं म्हणायचं?

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. हे जेट सापडायचं ते उतरताना. वेग कमी झालेला, आणि थ्रॉटल झटक्यात पुढे ढकलला तर इंजिन विझायचं. ब्रिटिशांची टेम्पेस्ट विमानं राइनेच्या तळाजवळ याच क्षणाची वाट बघत घिरट्या घालायची. साठा अमर्याद असला की गेममध्ये कुणी उतरतच नाही. गोळ्या संपल्या की विमान जमिनीत घालायचं आणि नवं घ्यायचं. म्हणजे विमानाची ताकद तेवढी ठेवली आणि त्याचं दुखणं काढून टाकलं.

'पायलट महत्त्वाचा' हे मलाही मान्य आहे, पण एका हद्दीपर्यंत. कोटा नव्हता तेव्हाची एक रात्र सांगतो. हिंगोलीचा एक पोरगा स्पिटफायर नाइन या ब्रिटिश पंख्याच्या फायटरमध्ये, चार हजार मीटरवर. मागून जेट आलं, त्याने अचूक वेळी वळण मारलं, जेट सुसाट पुढे निघून गेलं. ताशी ८७० किलोमीटरच्या मागे तो धावणार कसा? असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी ३० मिमीचा एकच गोळा पंखात बसला. त्याची एकही चूक नव्हती. 'जातो भाऊ, सकाळी रानात जायचंय' एवढं लिहून तो गेला. अर्ध्या तासात त्या बाजूला चौघं उरले. एसेस हाय या ऑनलाइन विमानांच्या गेममध्येही हेच घडलं होतं. चार तोफांचं एफ४यू-१सी हे अमेरिकन फायटर प्रत्यक्षात २०० बनलेलं, पण गेमच्या आभाळात जिकडेतिकडे तेच. शेवटी त्याला पर्क पॉइंटची, म्हणजे खेळून कमावलेल्या गुणांची, किंमत लावावी लागली.

आता शिक्षेचं. जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. तोंडाकडच्यांनी हव्या तेवढ्या मोटारी टाकल्या की टेलला पाणी पोचत नाही. म्हणून तर पाळी असते. आमच्याकडे सुखरूप उतरवलेलं विमान साठ्यात परत जमा होतं. जो नीट उडवतो आणि परत आणतो, त्याला रात्रभर जेट मिळतं. एक तक्रार मात्र रास्त आहे. एसेस हायसारखं, ज्या बाजूला माणसं जास्त तिची चांगली विमानं बंद केली, की मित्रांसोबत उडायला आलेल्याला नाहक फटका बसतो. तो नियम आम्ही म्हणूनच घेतला नाही.

दोन्हीकडे तीच विमानं? मग स्पिटफायरचं आखूड वळण आणि जर्मन फॉकवुल्फचं चपळ लोळणं (पंखांवर गिरकी घेणं) यांतली झुंजच संपली. ती बघायलाच तर आपण जॉयस्टिक घेतली.

या शनिवारी जर्मन बाजूला मी-२६२ दोन, मेसरश्मिट १०९ या पंख्याच्या फायटरचं के-४ मॉडेल सहा, जी-१४ मॉडेल हवी तेवढी. पलीकडे टेम्पेस्ट चार, स्पिटफायर नाइन हवी तेवढी. मेसेज लिहिणाऱ्या दादाने नऊ वाजता यावं, पहिलं जेट त्याच्यासाठी राखून ठेवतो. परत आणलं तर दुसऱ्या फेरीलाही त्याचंच.