वजनाची शस्त्रक्रिया आणि अठरा वर्षांची अट

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये अशी शिफारस केली की, तीव्र स्थूलता असलेल्या तेरा वर्षांच्या व त्यापुढील मुलामुलींना वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तपासणीला पाठवण्याचा पर्याय द्यावा. आठवीतल्या लेकराच्या जठरावर शस्त्रक्रिया, या कल्पनेनेच पोटात गोळा येतो, हे मान्य. तरीही अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ही शस्त्रक्रिया नकोच, ही सरसकट अट मुलांच्या हिताची आहे, असे मला वाटत नाही.

किशोरवयात जडलेला टाइप २ मधुमेह मोठ्यांच्या मधुमेहापेक्षा झपाट्याने बळावतो. अमेरिकेतील ‘टुडे’ अभ्यासात अशा मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांना ऐन तारुण्यातच मूत्रपिंड, नसा किंवा डोळ्यांचा एखादा तरी विकार जडला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टीन-लॅब्स’ या किशोर व प्रौढांची तुलना करणाऱ्या अभ्यासात, गॅस्ट्रिक बायपासनंतर (जठराचा लहानसा भाग ठेवून तो थेट आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) पाच वर्षांनी किशोरांचे आणि प्रौढांचे वजन जवळपास सारखेच, अनुक्रमे २६ व २९ टक्के, घटलेले होते, मधुमेह मात्र तो असलेल्या ८६ टक्के किशोरांचा ओसरला आणि तो असलेल्या प्रौढांपैकी केवळ ५३ टक्क्यांचा. थांबण्याची किंमत ती हीच.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. पाच वर्षांनी ४८ टक्के किशोरांच्या शरीरातील लोहाचा साठा कमी होता, प्रौढांत हे प्रमाण २९ टक्के होते, आणि पोटाच्या पुन्हा शस्त्रक्रियाही किशोरांवरच अधिक झाल्या. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यायचे. त्यातही लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र चालत नाही, मध्ये दोन तासांचे अंतर लागते. शाळा, शिकवणी, मित्रमंडळी यांत गुंतलेल्या मुलाने हे वेळापत्रक आई मागे नसतानाही पाळायचे आहे.

म्हणून मला वयापेक्षा त्या मुलाची समज आणि त्याची स्वतःची संमती महत्त्वाची वाटते, आणि ती आईवडिलांना खोलीबाहेर बसवून विचारली जावी. सौदी अरेबियात अडीच वर्षांच्या बालकाचे जठर कापून लहान केल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि म्हणूनच ते मला कदापि पटत नाही. उलट, मधुमेहाने पोखरत चाललेल्या, सारे समजून होकार देणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला आणखी तीन वर्षे थांबवून ठेवणेही पटत नाही. मात्र जिथे आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि पुढील अनेक वर्षांच्या रक्ततपासण्यांची सोय नाही, तिथे सतरा वर्षांच्या मुलावरही ही शस्त्रक्रिया होऊ नये.