हात दाखवून अवलक्षण

इंग्लंडात येऊन चार वर्षं झाली की माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला गार्डनिंग लागतं, कुणाला बार्बेक्यू, माझ्या नवऱ्याला एमजी कंपनीच्या जुन्या गाड्या लागल्या. "ऑक्शनला नुसतं बघायला जाऊ गं" म्हणाला. साड्यांच्या सेलला जाताना मी पण हेच म्हणते, त्यामुळे पर्स घट्ट धरूनच निघाले.

तर लाल एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोनसीटर, १९६६ची. १९६२ ते १९८० सगळ्या प्रकारच्या मिळून एमजीबी ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांवर बनल्या, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही, पण हा असा बघत होता जणू स्थळ चालून आलंय. मग कोटासकट फरशीवर आडवाच झाला, मला नुसते बूट दिसतायत. गंजलेल्या पत्र्यावर फिलर थापून रंग मारला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही, म्हणून दारांखालचे सिल तपासत होता, आणि चुंबक कुठलं तर आमच्या फ्रिजवरचा गणपती! पुढे बाप्पा छान चिकटले, मागच्या चाकापाशी आले आणि टपकन खाली. म्हटलं बघ, साक्षात विघ्नहर्त्याने नाही म्हटलं, आता तरी ऊठ.

ऐकतो कुठला. बोली सुरू झाली आणि ह्याचा हात वर. मी खाली ओढते, तो दुसरा वर करतो. पुकारणारा माझ्याकडे बघून गोड हसला, मी कसनुसं हसले, तर मेल्याने तीही बोली धरली! म्हणजे नवऱ्याच्या वर बायकोची बोली. बरं, हातोडा पडेल त्या आकड्यावर वर ऑक्शनवाल्यांचा प्रीमियम, म्हणजे त्यांचं कमिशन, आणि त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, हे गणित मी त्याच्या कानात ओरडून सांगत होते. शेवटी पुढच्या रांगेतल्या टोपीवाल्या आजोबांनी नेली एकदाची. मनातल्या मनात नारळ फोडला मी.

बाहेर आलो तर पाऊस, आणि आजोबांची गाडी ढिम्म. कुणीतरी जंप लीड्स, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या वायरी, घेऊन धावलं, तसा आमचा बाण सुटला, "थांबा थांबा, पॉझिटिव्ह अर्थ आहे हिला!" ६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला असते म्हणे, उलटं जोडलं तर पंचाईत. आजोबा इतके खूश झाले की ह्याला थेट स्टिअरिंगवरच बसवलं.

आणि ढकलायला कोण? मी आणि आजोबा.