कॅमेऱ्यासमोर पोरांना पाठांतर लावू नका

परदेशी कॉलेजच्या अर्जासाठी व्हिडिओ करून द्यायचा म्हटला की आपल्याकडे पहिला फोन क्लासला जातो. आमच्याकडेही तेच झालं. त्यात भाचीचे तीन आठवडे वाया गेले, म्हणून लिहितेय.

भाची निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग, बारावी सायन्स. दोन वर्षांपूर्वी तिने अमेरिकेत मेन राज्यातल्या बोडिन (Bowdoin) कॉलेजला अर्ज केला. १७९४ सालचं जुनं कॉलेज. परदेशी मुलांना प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना घरची ऐपत बघायची नाही, असं त्यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांच्या घरात त्याचं नाव पोचलं. अर्जासोबत एक ऐच्छिक व्हिडिओ होता. स्क्रीनवर अचानक एक प्रश्न येणार, विचाराला ३० सेकंद, बोलायला २ मिनिटं, आणि संधी एकदाच.

प्रश्नच आधी माहीत नाही, तर पाठ काय करणार? तरी इथल्या एका क्लासने तिला चार पानं उत्तरं लिहून दिली, कुठल्याही प्रश्नाला चिकटवता येतील अशी. शिवाय उच्चार अमेरिकन करून घेतले. त्याचे पैसे वेगळे.

डिसेंबरअखेर ती माझ्याकडे नाशिकला, इंदिरानगरला राहायला आली. म्हटलं, एकदा मला बोलून दाखव. समोर कागद नव्हता, तरी तिचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. मनातल्या ओळी वाचत होती पोरगी. अंगठ्याने ओढणीची कड सारखी चोळत होती. लीडरशिप झालं, पॅशन झालं, दोन मिनिटं संपली. त्यात बाग नव्हती, आईवडील नव्हते, ती स्वतःही नव्हती. मला खरंच वाईट वाटलं.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि सहज विचारलं, "मागच्या आठवड्यात एवढी थंडी पडली, तुम्ही काय केलंत गं?"

आणि ती सुटलीच. पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. ही दोन वाजता उठून थर्मामीटर घेऊन ओळींमधून फिरते आणि आकडे वहीत टिपते. वही बघताना तिच्या लक्षात आलं, की विहिरीकडच्या सखल कोपऱ्यात पारा बाकीच्या बागेपेक्षा दोन अंश खाली असतो. थंड हवा जड, ती उताराने खाली येऊन तिथेच साचते. मग तिने वडिलांना सांगितलं, पहिली शेकोटी तिथे लावा.

म्हटलं, "हेच इंग्रजीत सांग."

"मावशी, हे तर रोजचंच आहे."

सांगितलं तिने. एकदोनदा अडखळली. बांधाला इंग्रजी शब्द सुचेना, तर सरळ 'बांध' म्हणाली आणि तो काय असतो ते एका वाक्यात समजावलं. डोळे या वेळी एकाच जागी होते.

अर्जात मार्क असतात, निबंध असतो, शिक्षकांची पत्रं असतात. व्हिडिओ मागतात तो हे पोर बोलतं कसं, अचानक विचारलं तर विचार कसा करतं, हे बघायला. एमबीएच्या बड्या शाळांचंही तेच. एमआयटी स्लोनला ६० सेकंदांचा व्हिडिओ एकाच टेकमध्ये लागतो, एडिटिंग चालत नाही. केलॉगमध्ये विचाराला २० सेकंद आणि उत्तराला मिनिटभर. पॉलिश नको म्हणून त्यांनी एवढे नियम केले, आणि आपण पॉलिशचेच पैसे मोजतो!

उच्चार नाशिकचा राहू द्या. फक्त शब्द शेवटपर्यंत ऐकू आला पाहिजे आणि उत्तराचा मुद्दा पहिल्याच वाक्यात आला पाहिजे. सव्वा मिनिटात सांगून झालं तर तिथेच थांबायचं, वेळ भरत बसायचं नाही. सराव मात्र भरपूर हवा. आम्ही घरातल्या सगळ्यांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या आणि त्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. तिने एक उचलायची, मी मोबाइलवर ३० सेकंद लावायचे. सगळ्यात अवघड प्रश्न आजीचा निघाला: तुला राग कशाचा येतो? त्यावर ती दोन दिवस विचार करत होती.

बाकी तयारी घरच्या घरी होते. खिडकी पाठीमागे नको, तोंडासमोर हवी. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणायचा आणि बोलताना स्वतःच्या चित्राकडे न बघता लेन्सकडे बघायचं. पंखा बंद. आमची खोली रिकामी असल्याने आवाज घुमत होता, तर दारावर आणि कपाटावर दोन गोधड्या टाकल्या. लगेच फरक पडला. स्कूल व्हॅनचे हॉर्न सुरू व्हायच्या आत उरकायचं ठरवलं आणि वायफायवर भरवसा नको म्हणून माझा हॉटस्पॉटही तयार ठेवला.

खऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळी मी स्वयंपाकघरात दार लावून बसले होते. ती बाहेर आली आणि आधी वडिलांना फोन लावला.

"भाऊ, झालं."

पलीकडून पंपाचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, "शेकोटीचं सांगितलं का?"

"सांगितलं. विहिरीकडच्या कोपऱ्याचं पण."