गोऱ्हा एकटा जुंपत नाहीत

२५ फेब्रुवारी २०२४ ची रात्र. शिकागोचं युनायटेड सेंटर, बर्फावरच्या हॉकीचा सामना, आम्ही अगदी वरच्या सीटवर. स्कोअर २-२, ओव्हरटाइम. पॅट्रिक केन एकटा पक (बर्फावरच्या हॉकीतली रबरी चकती) घेऊन आमच्या गोलीवर, म्हणजे गोलरक्षकावर, चाल करून आला. 'आमच्या' म्हणजे शिकागो ब्लॅकहॉक्सच्या; केन आधी वर्षानुवर्षं आमचाच, पण तेव्हा डेट्रॉइटच्या जर्सीत होता. गोल झाला, आम्ही हरलो, आणि अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मीपण. शेजारी माझा मुलगा आमच्या नव्या तरण्या खेळाडूची, बेदार्डची जर्सी घालून गोंधळून माझ्याकडे बघत होता.

तेव्हापासून हे लिहायचं राहून गेलंय.

आधी थोडं मागचं. मी खडकीत वाढलेला माणूस, हॉकी म्हणजे धनराज पिल्ले, विषय संपला. बर्फावरच्या हॉकीचं वेड लागलं ते २०१० मध्ये, ब्लॅकहॉक्सनी ४९ वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणला तेव्हा. मग २०१३, मग २०१५. केन, टेव्झ, कीथ ही नावं घरात नातेवाइकांसारखी यायची. पुढे टीम म्हातारी झाली, उतरणीला लागली, आणि २०२२ मध्ये जनरल मॅनेजर काईल डेव्हिडसन यांनी ठरवलं की पाया खणून नव्याने बांधायचं. म्हणजे आहेत ते खेळाडू दुसऱ्या टीमना द्यायचे आणि बदल्यात कोवळी पोरं किंवा ड्राफ्टमधले पिक, म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडायच्या रांगेतले नंबर, घ्यायचे.

माझा एक मित्र आहे, नाव नको, आमच्याच मंडळातला. तो या कल्पनेचा कट्टर भक्त. त्याचं म्हणणं, अर्धवट काही करायचं नाही, सगळं विका. माझं म्हणणं वेगळं आहे आणि त्याचं मूळ हॉकीत नाही, शिरूरकडच्या आमच्या आजोबांच्या गोठ्यात आहे. ते नवा गोऱ्हा औताला कधी एकटा जुंपायचे नाहीत. दुसऱ्या बाजूला जुना, चालीचा बैल लागायचाच. जुना फार ओढायचाही नाही, पण तास कुठून धरायचं हे गोऱ्ह्याला त्याच्याकडे बघून कळायचं.

केन गेला त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ३४ वर्षांचा होता, कंबरेच्या सांध्याने त्रस्त होता, करार संपत आला होता. त्याच्या मर्जीशिवाय त्याला हलवता येणार नाही असं करारात होतं आणि त्याला न्यूयॉर्क रेंजर्सकडेच जायचं होतं. गिऱ्हाईक एकच म्हटल्यावर भाव पडणारच. हाती जे दोन-चार पिक आले ते आले. टेव्झ आजारपणाने बेजार होता, त्याचंही समजू शकतो.

माझा राग डिब्रिंकॅटवरून आहे. २०२१-२२ मध्ये ४१ गोल मारलेला पोरगा, वय २४. चोवीस! त्याला जुलै २०२२ मध्ये ऑटवाला देऊन टाकलं. बदल्यात सातव्या क्रमांकाचा पिक, ३९ व्या क्रमांकाचा पिक आणि पुढचा एक तिसऱ्या फेरीचा. मित्र म्हणतो, एका वर्षाने त्याला ९० लाख डॉलरची ऑफर द्यावी लागली असती. लागली असती, मान्य. पण पडझडीच्या काळात लीगने टीमच्या एकूण पगाराला घातलेल्या मर्यादेत जागाच जागा असते, ती कुणासाठी राखून ठेवायची? सातव्या पिकवर घेतलेला कोर्चिन्स्की गुणी असेल, पण तो एक दिवस काय होईल ही आशा आहे. ४१ गोल झालेले होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं ते हेच. डिब्रिंकॅटने पुढे २०२४-२५ मध्ये डेट्रॉइटसाठी ३९ गोल मारले. युनायटेड सेंटरच्या त्या रात्री केनबरोबर तोही समोरच्याच बाकावर होता.

आता मित्राच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर तो कमेंटमध्ये येईलच. त्याच ड्राफ्टच्या दिवशी कर्बी डाख माँट्रियलला देऊन जो १३ वा पिक घेतला, त्यावर फ्रँक नझार आला, आणि नझार पळतो तेव्हा सीटवर बसवत नाही. २०२५ मध्ये सेथ जोन्सला फ्लोरिडाला देऊन तरणा गोली स्पेन्सर नाइट आणला, तोही मला पटलेला सौदा. जोन्सला तीन-साडेतीन महिन्यांत कप मिळाला, त्याचंही भलं झालं.

पण बेदार्ड? तो कुठल्या शहाणपणाच्या ट्रेडमधून आला नाही. ड्राफ्टचा पहिला पिक कुणाला हे ठरवणाऱ्या मे २०२३ च्या लॉटरीत आमची शक्यता साडेअकरा टक्के होती आणि चिठ्ठी लागली. एवढंच. आणि लागल्यावर त्या अठरा वर्षांच्या पोराला पास द्यायला कुणी ठेवलं होतं? पहिल्याच मोसमात ६८ सामन्यांत ६१ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले त्याने, तेही टीम ८२ पैकी फक्त २३ सामने जिंकली त्या वर्षी.

५ जानेवारी २०२४ ला न्यू जर्सीविरुद्ध ब्रेंडन स्मिथच्या धडकेत बेदार्डचा जबडा मोडला. तो तोंड धरून आत गेला आणि आमचा अनुभवी निक फोलिनो हातमोजे टाकून स्मिथवर धावून गेला. फोलिनो तेव्हा ३६ वर्षांचा. त्या सामन्यात त्याचं बोटही मोडलं. सप्टेंबरमध्ये त्याला कॅप्टन केलं तेव्हा मला आमचा गोठा आठवला.

असे आणखी दोन-तीन हवे होते, आणि त्यातला एक तरी गोल मारणारा. रेंजर्सनीही २०१८ मध्ये चाहत्यांना पत्र लिहून जुने खेळाडू विकायला काढले होते. पण त्यांच्या जुन्या क्रायडरला त्यांनी २०२० मध्ये सात वर्षांचा करार देऊन ठेवून घेतलं, आणि २०२१-२२ मध्ये त्याने ५२ गोल मारले. त्यांनाही कप मिळाला नाही, हे मित्र लगेच सांगेल. खरंय. पण निदान मे महिन्यात, बाद फेरीच्या दिवसांत, त्यांच्या घरी टीव्ही चालू होता. आमच्या घरी २०२२ ते २०२५ चारही वर्षं एप्रिलमध्येच बंद.

काल रात्री साडेअकराला त्या मित्राने आणखी एका अठरा वर्षांच्या पोराचा व्हिडिओ पाठवला. तीन वेळा पाहिला. पोरगं चांगलंय, खोटं कशाला बोलू.